बर्फातले तास

मुंबई, १९६९

आये, मेलेल्या माणसाचं मूत्रपिंड काढल्याबरोबर गार द्रवाने आतून धुऊन बर्फात ठेवलं, तर ते आता दिवसभराहूनही जास्त टिकतं. पूर्वी मोजकेच तास मिळत. शोध परदेशातला आहे. तो खरा असल्याचं आज दुपारी धाकट्याच्या मुंबईच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. बातमी मीच लिहिली आणि वेळेत दिली.

धाकट्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. रेवदंड्याला तो ओटीवर पडून असतो. मीठ बंद, पाणी मोजून. समोर खाडीत होडी आहे, पण तिच्यापर्यंत चालवत नाही. मी पाठवतो तो पेपर मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

लिहिताना तुझी माशांची पेटी आठवत होती. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा सुट्टीवर आलो, तेव्हा मुंबईचं शहाणपण दाखवायला मी तुझी पापलेटं बर्फात मीठ घालून दाबून ठेवली. जास्त गार तेवढी जास्त टिकतील, असं मला वाटलं. सकाळी तू पेटी उघडतेस, तर मासे दगडासारखे. सुटले तेव्हा लिबलिबीत. बाजारात न नेता तू ते आम्हालाच वाढलेस. गार ठेवायचं, गोठवायचं न्हाय, म्हणालीस. मग माझ्याकडे न बघता, "बर्फ येळ देतो. जीव न्हाय देत." धाकटा हसत होता, "पेपरात छाप, दादूस, सगल्यांना कलंल."

डॉक्टरही म्हणाले, गोठलं की मूत्रपिंड वाया जातं. आपल्याकडे हे कधी होईल, असं मी विचारलं. ते म्हणाले, "त्याला वर्षं लागतील. सख्ख्या भावाचं मिळालं तर बर्फात साठवायलाच नको. शेजारच्या टेबलावरून घ्यायचं. आम्ही प्रयत्न करून बघू." मी वही मिटली.

भावाचं ते वाक्य बातमीत नाही. जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं, जागा होती. कित्येक महिने पेपरात येणाऱ्या परदेशी बातम्यांच्या तारांमध्ये मी ते तासच शोधत होतो. ते वाढले की मी सुटेन, असं वाटत होतं. मला भीती वाटते, आये. हे तुलाच सांगता येतं, कारण तू आता नाहीस आणि हे पत्र खणातच राहणार आहे.

पेपर उद्या एस.टी.ने रेवदंड्याला पोचेल. रविवारी मी जाईन. धाकटा बातमीवर बोट ठेवून विचारील, "दादूस, डॉक्टर आनखी काय बोलला?"