गुडघ्यांचं निमित्त

लास तोर्कासास,
१२ सप्टेंबर

प्रिय इर्मा,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तू लेकीकडे सुखरूप पोचलीस, तिथे नळाला दिवसभर पाणी असतं आणि नातू तुला दुपारची डुलकी काढू देत नाही, हे वाचून बरं वाटलं. आम्ही सगळे ठीक. वारा सुटला आहे, घरात धूळ, ताटात धूळ, दातांखाली धूळ. शाळेत तुझ्या जागी आलेल्या बाई मुलांना ओळीत उभं करायला शिट्टी वाजवतात. मी अजून तिथे स्वयंपाकाला असते तर ती शिट्टी एखाद्या दिवशी सूपमध्ये पडली असती.

तू कबुतराबद्दल विचारलंस. आहे, जागच्या जागी आहे, कुठे उडून जाणार? हमरस्त्याच्या फाट्यावर सिमेंटचा तो ढीग उभा आहे, पंख पसरून, आणि सगळं गाव त्याला कोंबडी म्हणतं. पायथ्याशी कारंजं आहे. कारंज्यात पाणी नाही, कारण पाणी गावातच नाही. प्रांताच्या सरकारने जो पैसा जलवाहिनीसाठी दिला तो तिथे उभा आहे चोच वर करून. नगराध्यक्ष साल्दीवारनी गव्हर्नरला बोलावून, बँड लावून, अख्ख्या गावाला फुकट सॉसेज-पाव वाटून त्याचं उद्घाटन केलं, ते आठवतं ना? गव्हर्नर म्हणाले, "हे प्रगतीचं प्रतीक आहे." बेकरीवाला निकासियो मागून ओरडला, "साहेब, अंडं कधी घालणार?" सगळे हसले आणि सगळ्यांनी दुसरा सॉसेज-पाव घेतला. मीही घेतला. आपण अशी माणसं आहोत, इर्मा. हसतो आणि हात पुढे करतो.

दवाखान्याच्या रुग्णवाहिकेला अजून टायर नाहीत. ती विटांवर उभी आहे, आत मांजर व्यालं आहे. पण कोंबडीवर मात्र चार दिव्यांचा झोत असतो. तू साल्दीवारविरुद्धच्या प्रचारात म्हणायचीस, "आधी पाणी, मग पक्षी." त्याहून सोपं कुणी काय सांगायचं? आणि तरी नऊ मतांनी हरलीस. नऊ!

निवडणूक झाल्यापासून पाण्याच्या टँकरचा रस्ताही बदलला आहे. प्रचाराच्या महिन्यात तो रोज सगळ्या कच्च्या रस्त्यांवर पाणी मारत होता, मुलं मागून नाचत जायची. आता ज्यांच्या दारावर साल्दीवारचं पोस्टर होतं तिथे पाणी, ज्यांच्या दारावर तुझं होतं तिथे धूळ. तुझ्या भावाच्या, टीटोच्या गल्लीत तर तोटी बंद करूनच गाडी जाते. एसेकिएलला मी विचारलं तर म्हणतो, "आई, मी फक्त चालवतो. कुठे सोडायचं ते कागदावर लिहून येतं." हो, एसेकिएल नगरपालिकेत कायम झाला, हे सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात कागद हातात आला.

निकासियोच्या बायकोने केस लाल केले आहेत. तिला शोभत नाहीत.

आता तुझा प्रश्न. मतदानाच्या त्या रविवारी दुपारी बाराला टीटोने मला मतपत्रिकांचं जादा पुडकं आणून दिलं की नाही, असं तू सरळ विचारलंस. इर्मा, त्या संध्याकाळी तुझ्या घरी जे सांगितलं त्यापेक्षा वेगळं मी काय सांगू? गर्दी होती, लोक रांगेत भांडत होते, कोण आलं कोण गेलं मला आठवत नाही. गाव तर म्हणतं की टीटोने तुला विकलं. तू त्याची थोरली बहीण, तू ठरव. मी भावंडांच्या मधे पडू नये हेच बरं. टीटोच्या सेलेस्तेचा पंधरावा वाढदिवस पंधरा ऑक्टोबरला आहे, त्यांच्या घरात आत्तापासून शिवणकाम चाललं आहे. तू तिची धर्ममाता. पोरगी विचारत होती, आत्या येणार ना म्हणून.

नातवाला पापा. तू स्वतःला जप, आणि रागाने अन्न सोडू नकोस, हे बावीस वर्षं तुझ्या शाळेत रांधलेल्या बाईचं सांगणं आहे.

तुझी,
डेल्मिरा


लास तोर्कासास,
११ ऑक्टोबर

इर्मा,

या वेळी खुशाली विचारत नाही.

तुझी चिठ्ठी आली. चारच ओळी. "डेल्मिरा, म्हणजे त्याने दिलं नाही. मला हेच कळायचं होतं. सेलेस्तेच्या वाढदिवसाला मी येणार नाही आणि त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. माझ्या वतीने माझ्या आईचा फोटो त्याच्याकडून मागून घे."

मी "दिलं नाही" असं कुठेच लिहिलं नव्हतं. चार दिवस मी हेच स्वतःला सांगत होते. माझ्या पत्राची ओळ मनात घोळवत होते आणि म्हणत होते, बघ, तू खोटं कुठे बोललीस? तिने तिचा अर्थ काढला. असं माणूस स्वतःला समजावतं आणि वर देवाला मेणबत्ती लावतं.

टीटो आला होता. बाराला पाच मिनिटं कमी होती. हेल्मेट न काढताच शाळेत मतदान चाललं होतं त्या वर्गात धावत आला, पुडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "दोन्या डेल्मिरा, पलीकडच्या टेबलावरून आपल्या मतपत्रिका कुणीतरी उचलल्या. इथेही होणार. नजर ठेवा, कमी दिसल्या की यातल्या लावा." मी ते पुडकं विणकामाच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी खुर्चीखाली. मला आठवतं. त्याच्या बोटांना मोटरसायकलचं ग्रीस लागलं होतं, वरच्या कागदावर त्याचा अंगठा उमटला होता, तेसुद्धा आठवतं.

तू आम्हा सगळ्यांना मुलांसारखं बाकांवर बसवून शिकवलं होतंस. मतदानाच्या खोलीत प्रत्येक पक्षाच्या मतपत्रिकांचा वेगळा गठ्ठा असतो, मतदार एकटा आत जातो, हवी ती उचलतो आणि पाकिटात घालतो. आपला गठ्ठा नाहीसा झाला तर आपलं मत नाहीसं झालं. म्हणून टेबलाशी बसलेल्या आपल्या प्रतिनिधीने दर अर्ध्या तासाने उठायचं, आत जायचं, गठ्ठा बघायचा. तू फळ्यावर लिहिलंस, "दर अर्ध्या तासाने." सकाळी आठपासून मी तसंच केलं. आठ वेळा उठले.

साल्दीवारचा माणूस म्हणून माझ्या शेजारी चिचो लेदेस्मा बसला होता, तोच, ज्याला तू चौथीत दोनदा बसवलंस. टीटो गेला तसा तोही आपल्या मतपत्रिका बघायच्या म्हणून आत गेला. बाहेर आला तेव्हा उकडत असूनही जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती आणि पोट फुगलेलं. मी पाहिलं. मी उठायला हात टेकले, तेवढ्यात तो म्हणाला,

"दोन्या डेल्मिरा, किती उठबस करताय! गुडघे आहेत की घड्याळाचे काटे?"

"सवय आहे मला. बावीस वर्षं चुलीपुढे उभी होते."

"म्हणूनच म्हणतो, आता बसा. एसेकिएलचा कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पडलाय. उद्या सोमवार. एक सही, बास. नाहीतर तुमच्या मैत्रिणीने भाषणात काय सांगितलं ते ऐकलंतच की."

"धमकी देतोस मला, मेल्या?"

"छे हो! एम्पानादा देतोय. आत मांसाचं सारण आहे, गरम आहे, घ्या."

मी घेतली. खाल्ली. आणि उठले नाही.

बारापासून अडीचपर्यंत मी उठले नाही, इर्मा. लोक आत जात होते, बाहेर येत होते. तुला वाटेल, कुणीच कसं ओरडलं नाही की इर्माच्या मतपत्रिका नाहीत? कसं ओरडणार? ते ओरडणं म्हणजे चिचोच्या तोंडावर सांगणं की मी तुझ्या साहेबाला मत देत नाही. कुणाचा मुलगा नगरपालिकेत, कुणाची सून शाळेत शिपाई, कुणाचं पेन्शनचं प्रकरण अडकलेलं. ते रिकामं पाकीट पेटीत टाकून मान खाली घालून निघून गेले. आमच्या टेबलावर एकवीस पाकिटं रिकामी निघाली. तू हरलीस नऊ मतांनी.

एकच बाई थांबली. पुराबाई, त्र्याऐंशी वर्षांची. बाहेर आली, शाल सारखी केली, चिचोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "डेल्मिरा, पोरी, जरा पाय मोकळे कर की. एक चक्कर मारून ये आत."

मी म्हटलं, "गुडघे धरलेत, दोन्या पुरा."

तिने मान हलवली. "हो ग बाई. वयच झालं तुझं," म्हणाली. माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठी. अडीचला चिचो जेवायला गेला तेव्हा कुठे मी आत गेले आणि पुडक्यातले थोडे कागद बाकावर लावले, जणू काही झालंच नाही.

संध्याकाळी तुझ्या घरी सगळे जमले, तू सर्वांदेखत मला विचारलंस. टीटो दारात हेल्मेट हातात धरून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता, त्याला खात्री होती मी काय सांगणार याची. उरलेलं पुडकं माझ्या मांडीवरच्या पिशवीत होतं, लोकरीच्या गुंड्यांखाली. आणि मी म्हणाले, मला आठवत नाही. तू त्याला म्हणालीस, "माझ्या घरातून चालता हो." दुसऱ्या सकाळी मी ते कागद अंगणातल्या पावाच्या भट्टीत जाळले. प्रत्येकावर तुझा चेहरा छापलेला होता, हसरा.

आता एक गोष्ट सांगते, माफी मागण्यासाठी नाही, तुला कळावी म्हणून. चौकातल्या शेवटच्या सभेत तू म्हणालीस, "नगरपालिकेतली खोगीरभरती काढून टाकीन, त्या पगारांतून पाणी आणीन." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्या खोगीरभरतीत एसेकिएल होता, सहा वर्षं दर तीन महिन्यांनी नव्या कागदावर, सहा वर्षं दर तीन महिन्यांनी मी नवा कागद येईपर्यंत दारात उभी. तुझा हिशेब बरोबर होता, शाळेत असायचा तसाच. पण तू व्यासपीठावरून माझ्याकडे बघून हसलीस, आणि माझ्या लक्षात आलं की मी कोणाची आई आहे हे त्या वाक्यात तू विसरली आहेस. मला राग आला. तो राग मी कोणाला दाखवला नाही, स्वतःलाही नाही. मग चिचोने एम्पानादा पुढे केली.

मुलासाठी केलं असं म्हणणं सोपं आहे. गावात सगळे सगळं मुलांसाठीच करतात, कोंबडीसुद्धा साल्दीवारने आमच्या मुलांसाठीच बांधली. मी भ्याले, मी चिडले आणि मी बसून राहिले. या तिन्हींमधलं एकही टीटोने केलेलं नाही, आणि दोन महिने तो गावातून मान खाली घालून जातोय. बेकरीत त्याला कुणी नमस्कार करत नाही. निकासियो त्याला पाव हातात न देता काउंटरवर ठेवतो.

हे पत्र काल रात्री पूर्ण झालं होतं. आज सकाळी मी ते आधी टीटोकडे घेऊन गेले. तो दारात उभा राहून वाचत होता, आत सेलेस्तेच्या झग्याचं शिवणयंत्र चालू होतं. वाचून झालं, घडी घातली, माझ्या हातात परत दिलं.

"पाठवू नका," म्हणाला. "हे बाहेर फुटलं तर एसेकिएलला दुसऱ्या दिवशी काढतील."

मी म्हटलं, "तू का नाही ओरडलास? पुडकं तूच दिलंस, तुला तर माहीत होतं."

"पहिल्या दिवशी ओरडलो. कुणी ऐकलं? मग गप्प बसलो." तो आत बघत होता, पोरीकडे. "इर्माचा भाऊ गेला, दोन्या. निदान मैत्रीण तरी राहू दे तिला."

मी पत्र घेऊन परत आले. वाटेत दोनदा पत्र फाडावंसं वाटलं, खरं सांगते. एसेकिएलला दुपारी जेवताना सगळं सांगितलं. तो ताटावरून उठला, टँकर काढला आणि अजून परतलेला नाही.

टपालाने हे वेळेत पोचणार नाही, म्हणून संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. शनिवारी सकाळी लेकीच्या गावाहून निघालीस तर वाढदिवसाला पोचशील. माझ्या दारावरून जावं लागेल, तिथे थांबू नकोस, बघूही नकोस, सरळ टीटोच्या घरी जा. आणि हे पत्र ज्याला दाखवायचं त्याला दाखव, खाली मी पूर्ण नाव लिहिते आहे, म्हणजे कुणी म्हणायला नको की दुसऱ्या कोणी लिहिलं.

तुझा भाऊ तुला परत करते आहे. मैत्रीण माझ्याकडे परत करायला उरलेली नाही.

डेल्मिरा आसुंसियोन गोडॉय