कारलं सोडलेला यात्रेकरू

आप्पा, आईला केदारनाथला नेऊन आणलं. तुम्ही नाही नेलंत, मी नेलं. हे तुम्हाला ऐकवायचंच होतं, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही केदारनाथला गेलात तेव्हा वडगावातली सगळी बडी मंडळी यात्रेच्या बसमध्ये होती. आई हळूच म्हणाली, "मला बी यायचं हुतं." तुम्ही बॅग भरता भरता म्हणालात, "दोघं बी गेलो तर धारा कोण काढणार?" विषय संपला. परत आलात ते गळ्यात रुद्राक्ष आणि तोंडात साखर घेऊन. मावंद्याला दारात मांडव, अख्खा गाव जेवायला. यात्रेहून आलेल्याचे पाय धुवायचे, म्हणून आई चुलीपुढून उठून आली, तुमचे पाय धुतले, ते पाणी डोळ्यांना लावलं आणि परत पुऱ्या तळायला बसली. मग तुम्ही उभं राहून सांगता, "डोंगरानं मला पार बदाललं. आजपासनं म्या कारलं सोडलं." अहो, जन्मात कधी कारलं तोंडाला लावलं होतंत? ताटात दिसलं तरी ताट सरकवायचात. एवढा हिमालय चढून माणसानं सोडलं काय, तर कारलं! आणि लोक माना डोलावतायत. मला हसू फुटलं होतं, आईनं डोळे वटारले म्हणून गप्प बसले.

बदल मीही बघितला की. ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला 'माउली, माउली'. आत चहाला उशीर झाला की, "काय गं, झोपली का चुलीपाशी?" पुढं तर 'संसारात मन लागत न्हाई' म्हणून पारावर प्रवचनं झोडायला लागलात. संसार ती ओढत होती, शेणात हात घालून. तुमचं वैराग्य तिच्या जिवावर चाललं होतं, आप्पा. किळस यायची मला त्या गोड आवाजाची.

यंदा तिचे गुडघे फारच कुरकुरायला लागले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. रांजणगावला कंपनीत सुपरवायझरनं तोंड वाकडं केलं, तरी रजा टाकली आणि एका यात्रेच्या ग्रुपबरोबर दौंडला गाडीत बसलो. घोड्यावर चढताना आई आधी घाबरली, मग पोरीसारखी हसत सुटली. दर्शन झालं. बाहेर बसलो तर आमच्या ग्रुपमधल्या बायका कोण काय सोडणार ते सांगायला लागल्या. एकीनं पेरू सोडला, एकीनं भोपळा. मला वाटलं, आई चहा सोडणार. तिला आवडतं असं तेवढंच आहे. आई म्हणाली, "म्या काय बी सोडणार न्हाई. आजवर सोडतच आलीय." आईनं चहा मागवला आणि फुंकर मारून मारून सगळा प्याली. मला रडूच आलं.

हा कागद मी चुलीत घालणार आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. आईला उन्हात बसवून मी जरा पुढं गेले. समोर नुसता बर्फ आणि शांतता. बरं वाटलं, फार बरं वाटलं. कंपनी नको, घर नको, काहीच नको असं झालं. मागून आई हाका मारत होती, तिला उठायला हात हवा होता. मला ऐकू येत होतं, आप्पा. मी बराच वेळ वळले नाही.