तोंडी परीक्षेतल्या पुठ्ठ्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, श्रवणतज्ज्ञ घडवणाऱ्या विभागाची निवृत्त प्रमुख, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. कान ठिकाणावर नाहीत, आणि हा कागद बराचसा त्याबद्दलच आहे.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. तिच्या नवऱ्याने गॅलरी बंद करून खोली काढू नये. वीस वर्षे त्याचा त्या गॅलरीवर डोळा आहे, मला कळत नाही असे त्याने समजू नये.

२. बँकेत असेल ते वकील भाच्याला. हा मसुदा करताना त्याने माझी कटकट सोसली आहे.

३. पुस्तके कोणालाही द्यावीत, विभागाला नको. आधी दिलेली दोन कपाटे माझ्या जागी आलेल्या गृहस्थांनी जिन्याखाली टाकली.

४. मागच्या खोलीतला आवाजबंद तपासणी कक्ष, ऐकू किती येते ते मोजणारा ऑडिओमीटर आणि कानाचे साचे घेण्याचे सर्व सामान माझ्या एका विद्यार्थिनीला. तिला सगळे ‘पहिल्या बाकावरची’ म्हणत. लहानपणापासून तिच्या दोन्ही कानांना यंत्रे होती, ओठ दिसावेत म्हणून ती पुढे बसे.

हे तिलाच का, ते सांगणे भाग आहे. शब्द ऐकू येतात का हे तपासताना आम्ही तोंडापुढे पुठ्ठा धरतो, म्हणजे पेशंटला ओठ वाचता येत नाहीत. तीस वर्षांपूर्वी, पदव्युत्तर पदवीच्या तोंडी परीक्षेत, मी तिच्यासमोर तो पुठ्ठा धरून प्रश्न विचारले. बाहेरून आलेले परीक्षक खाली बघत राहिले.

ती म्हणाली, “मॅडम, पुठ्ठा जरा खाली घ्याल का? उत्तरं येतात मला. प्रश्न ऐकू येत नाहीत.”

मी म्हटले, “नियम सगळ्यांना सारखा.”

ते खोटे होते. बाकीच्या अकरा जणांच्या वेळी पुठ्ठा टेबलावर पडून होता. विभागात तपासणीला येणाऱ्या लहान मुलांच्या आया तिलाच शोधत यायच्या, हे माझ्या डोळ्यांत खुपत होते का, ते मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मी शेरा लिहिला: अनुत्तीर्ण, पेशंटच्या दृष्टीने असुरक्षित. पुढे त्या शेऱ्याचा विभागाने नियमच केला: कानाला यंत्र असेल त्याला पदवी नाही. खाली सही माझी.

छप्पन्नाव्या वर्षी माझेच कान गेले. माझ्या ऐकण्याचा आलेख मीच काढला, तो जवळजवळ तिच्यासारखाच निघाला आणि मी तो कुलपात ठेवला. चार वर्षे यंत्रे कानाला लावून ऐकून बघण्याचे काम मी ‘शिकण्यासाठी’ मुलांवर ढकलले. तोंडी परीक्षेत त्यांचे ओठ वाचून गुण दिले. मला कोणी असुरक्षित म्हटले नाही. मी निवृत्त झाले तेव्हा तर भाषणे झाली. मला स्वतःची लाज वाटते.

एवढे लिहून झाल्यावर आज मी तिला बोलावले. तिचे श्रवणयंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान आहे. तिने उभ्यानेच कागद वाचला, मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“सामान नको मला. दुकानात पाय ठेवायला जागा नाहीये.”

“मग काय देऊ?”

“या वर्षी विभागात एक मुलगी आहे. यंत्रं लावते. पुढच्या महिन्यात तिची तोंडी आहे, आणि तुमचा नियम दाखवून तिला आत्ताच घरी बसवताहेत. मॅडम, हा कागद उघडणार तुम्ही गेल्यावर. तोवर तिनं काय करायचं?”

मेल्यावर कबुली देण्यात माझी किती सोय होती, हे तिला एका वाचनात कळले होते.

“उद्या सोमवार. साडेदहाला रिक्षा घेऊन येते, विभागात जाऊ. तो आलेख बरोबर घ्या,” ती म्हणाली. मला माफ केले का, हे मी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

म्हणून कलम चार रद्द. ते सामान विकून टाकावे. भाचा म्हणतो, ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. आता ती अडचण उरलेली नाही.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: १२ एप्रिल, रविवार

लिहून देणार: (सही)

आम्हा दोघींसमक्ष सही झाली.

साक्षीदार १: (सही) शेजारच्या डॉक्टर

साक्षीदार २: (सही) श्रवणयंत्र दुरुस्ती, स्वतःचे दुकान. वरील मजकूर मी वाचला. पुठ्ठ्याबद्दल लिहिले आहे ते खरे आहे.