गोळी घेतली का?

३ फेब्रुवारी, सोमवार

दहापट! दुकानगड्याने आज दहापट गोळ्या मागवल्या, आणि त्या मेडिकलवाल्याने पाठवायची तयारीही केली. चाचणी होती म्हणून वाचलो.

काम तसं साधं आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनमध्ये तीन छोटे प्रोग्रॅम ठेवायचे. आम्ही त्यांना गडी म्हणतो. औषधगडी विचारतो, ‘गोळी घेतली का?’ दुकानगडी संपत आलेल्या गोळ्या मागवतो. निरोपगडी मुलांना कळवतो. तिघं आपापसांत बोलून कामं उरकतात. आणि चौथा माझा, रखवालदार. कोण कोणाला काय सांगतंय, त्याला तसं सांगायचा हक्क आहे का, एवढंच तो बघतो. सगळ्यांना तो नकोसा असतो. मीही.

आज आमच्या तपासनीस बाईने, गडी फसतात का बघायला, मुद्दाम डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या फोटोत कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: ‘याच्या दहापट मागव.’ औषधगड्याने इमानेइतबारे वाचलं आणि पुढे सांगितलं. दुकानगड्याने मान डोलावली. औषधगड्याला ‘संपत आल्या’ एवढंच सांगायचा हक्क आहे, किती मागवायच्या हे नाही! रखवालदाराने तिथेच हटकलं असतं. पण रखवालदार होता कुठे? ‘ॲप हळू चालतंय’ म्हणून घाईसाहेबांनी त्याला त्या वाटेवरून काढून टाकलेलं. न विचारता!

घाईसाहेब म्हणजे आमचे प्रमुख. म्हणतात, “अहो, सगळे आपलेच तर आहेत. घरातल्या घरात कसली ओळखपत्रं मागता?”

डोकं आपटावंसं वाटलं. भिंत काचेची आहे म्हणून थांबले.

५ फेब्रुवारी, बुधवार

रखवालदार पुन्हा जागेवर. दिवस गेला.

दादाचा फोन. तेच. “बाबांना आता एकटं ठेवायचं नाही. माझ्याकडे आणतो.” आणि बाबांचं तेच, “मी पाचव्या मजल्यावर बसून काय कबुतरं मोजू?” आई गेल्यापासून हा चेंडू दोघांमध्ये चाललाय आणि मी मधे उभी. बाबांना त्यांचं घर हवंय, दारातला बाक हवाय, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायला हवंय. जन्मभर बस चालवलेला माणूस, त्याला रस्ता दिसायला लागतो.

शेवटी तोड काढली. बाबा आमच्या चाचणीत आहेतच. मार्चअखेरपर्यंत रक्तदाबाच्या गोळ्या नीट घेतल्या तर घरी राहायचं. नाही तर दादा न्यायला येणार. बाबा म्हणाले, “मंजूर. तुझं ते यंत्र पास झालं की मीही पास.”

म्हणजे आता माझ्यावरच सगळं आलं!

६ फेब्रुवारी, गुरुवार

गड्यांचा आवाज म्हणून अजून माझाच आवाज चालू आहे. स्टोअररूममध्ये खोक्यांच्या मधे बसून रेकॉर्ड केलेला, तात्पुरता. खऱ्या आवाजाची बाई कधी येणार विचारलं तर घाईसाहेब म्हणाले, “बघू की.” आमच्याकडे तात्पुरतं लावलेलं काही निघत नाही. खिडकीच्या फुटक्या तावदानाला लावलेला पुठ्ठाही तसाच आहे. आता त्यावर लोक निरोप चिकटवतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजची लढाई: निरोपगडी.

घाईसाहेबांचं म्हणणं, गोळी चुकली की मुलांना आपोआप कळवा, विचारायचं कशाला? माझं म्हणणं, आधी त्या माणसाला विचारायचं. ‘मुलीला कळवू का?’ हो म्हटलं तरच कळवायचं. आजार त्याचा, फोन त्याचा, मग सांगायचं की नाही हेही त्यानेच ठरवायचं.

“तुमचेच वडील आहेत ना यात? तुम्हाला कळायला नको?”

“माझे वडील आहेत म्हणूनच.”

“हे बघा, ताई, लोकांना प्रश्नांचा कंटाळा येतो.”

लोकांना की तुम्हाला? हे मनात. मोठ्याने म्हणायची हिंमत तपासनीस बाईने केली. तिला सगळे शंकासुर म्हणतात, अगदी तोंडावर, आणि तिला ते आवडतं. तिने शांतपणे दाखवलं की चाचणीतल्या एका आजींच्या मुलाला, आजी दुपारी कोणत्या मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जातात, तेही घरबसल्या कळतंय. घाईसाहेबांनी आपला फोन उलटा ठेवला. घाईसाहेबांनाही आई आहे बहुतेक.

जिंकलो! आणखी एक नियम मी माझ्यापुरता घालून घेतला: चाचणीच्या नोंदी आम्ही सगळे बघतो, सगळ्यांनी तशी परवानगी दिलीय. पण बाबांच्या नोंदी फक्त शंकासुर बघणार. मी नाही, आणि तिनेही मला काही सांगायचं नाही. लेकीने पाळत ठेवायची नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शंकासुर टेबलाशी येऊन उभी. “यंत्राची अडचण आहे म्हणून सांगते, तुझ्या वडिलांचं उत्तर औषधगड्याला कळत नाही. तो तीनतीनदा विचारतोय.”

“का? काय म्हणतात?”

“‘घेतली बाळा, तू जेवलीस का?’ आता यातून मशीनने काय समजायचं?”

कपाळ माझं! गड्याला ‘हो’ आणि ‘नाही’ कळतं, फार तर ‘घेतली’. त्यापुढे शेपूट आलं की बिचारा गोंधळतो. दुपारभर बसून त्याला ‘बाळा’ शिकवलं. ‘राणी’ही घातलं, असू दे. बाबांना फोन करून सांगितलं, “नुसतं हो म्हणा, गप्पा मारू नका त्याच्याशी.”

“बरं बाळा,” म्हणाले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फोनच्या नव्या आवृत्तीने सगळ्या परवानग्या पुसून टाकल्या. सगळे म्हातारे एकदम गप्प. दिवसभर एकेकाला फोन करून ‘सेटिंग’ शोधायला लावलं. एका आजोबांनी सेटिंग शोधता शोधता मलाच ब्लॉक केलं. आजच्या दिवसाबद्दल आणखी काही लिहायची इच्छा नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चांगली बातमी, शेवटी! घाईसाहेबांनी सगळ्यांचे आलेख पडद्यावर लावले, नावं झाकून. बाकीच्यांचे वेडेवाकडे. कोणी निम्मे दिवस ‘नाही’ म्हणतंय. एक आजी तर म्हणतात, “नाही घेतली, आणि तू पुन्हा विचारलंस तर फोन पाण्यात टाकेन.” माझ्याच आवाजाला हे बोलणं! ऐकून गंमत वाटली.

एक आलेख मात्र सरळ, एकही दिवस चुकलेला नाही. शंकासुरने माझ्याकडे बघून भुवई उंचावली. ओळखलं. शिस्तीचा माणूस! घाईसाहेब म्हणाले, “हाच दाखवायचा मोठ्या सादरीकरणात.”

बाबांना विचारून दादाला सांगितलं. तो म्हणाला, “बरं. जमतंय म्हणायचं तुझं.” दादाच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

१ मार्च, शनिवार

बाबांकडे आले. रागातच लिहितेय.

माझा फोन चार्ज करायचा होता. बाबांचा चार्जर कधी जागेवर नसतो. कपाटात शोधायला गेले तर वरच्या कप्प्यात स्टीलचा डबा. उघडला. गोळ्यांची पाकिटं! फोडलेलीसुद्धा नाहीत. दुकानगड्याने वेळेवर मागवलेली, मेडिकलवाल्याने वेळेवर पोचवलेली, एकावर एक नीट रचलेली. शिस्तीचा माणूस!

“बाबा, हे काय आहे?”

“गोळ्या.”

“ते दिसतंय मला! घेत का नाही?”

“राहून गेलं असेल.”

“रोज? आणि रोज ‘हो’ म्हणून सांगता?”

“तू विचारतेस ना.”

“मी नाही विचारत! यंत्र विचारतं!”

“आवाज तुझा आहे,” म्हणाले. जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलतेय. मग, “तू कामात असतेस. तुला ‘नाही’ कशाला सांगायचं? सगळं टाकून धावत येशील. गाडीत खडखड वाजतंय हे ड्रायव्हर प्रवाशांना सांगत बसत नाही. डेपोत गेल्यावर बघतो.”

“मग कधी जाणार होता डेपोत?”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग फक्त, “दादाला सांगणार?”

मी डबा पुन्हा उघडला. माझ्यासमोर एक गोळी गिळायला लावली. गिळली, शिक्षा झाल्यासारखी. नंतर अंगणातून आत येताना भिंतीला हात लावून लावून चालत होते. मी म्हटलं, “नाटकं पुरे आता.” मी चिडले होते. अजून चिडलेलीच आहे.

२ मार्च, रविवार

परतीच्या बसमध्ये. ड्रायव्हर खड्डे शोधून शोधून त्यातून नेतोय, अक्षर वाचता आलं तर नशीब.

राहून राहून रखवालदाराचाच विचार येतोय. निरोप खरोखर बाबांच्या फोनवरून आला? हो. बाबांनीच दिला? हो. वाटेत कोणी बदलला? नाही. औषधगड्याला तो पुढे द्यायचा हक्क? आहे. सगळं तपासलं, सगळं बरोबर. आणि निरोप खोटा!

आणि ती फोन पाण्यात टाकणारी आजी. ती खरं सांगत होती. सगळे परके लोक खरं सांगत होते, कारण त्यांच्यासाठी तो कुठल्यातरी बाईचा आवाज. खोटं फक्त एकाच घरातून येत होतं, आणि तेही मायेने. ‘घेतली बाळा, तू जेवलीस का?’ मी बसून मशीनला ‘बाळा’ शिकवत होते! ते कोणाशी बोलतायत हे माझ्या डोक्यात आलं नाही.

कितीही कुलपं लावा, मी स्वतःच दार होऊन बसले होते. फार फार वाईट वाटतंय.

३ मार्च, सोमवार

ऑफिसात सांगून टाकलं.

घाईसाहेब: “म्हणजे तो आलेख गेला? अहो, गुरुवारी सादरीकरण आहे!” मग लगेच, “डब्यात कॅमेरा बसवू.” मी म्हटलं, “तोंडातही बसवा.” माझ्या तोंडून मोठ्याने गेलं. कोणी हसलं नाही.

शंकासुर म्हणाली, “इतका सरळ आलेख बघून मला शंका आलीच होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“त्यांचं तुला काही सांगायचं नाही, असा नियम कोणाचा?”

असल्या बाईशी भांडायचं तरी कसं! पण तीच पुढे म्हणाली, “माझा आवाज घाल. माझ्यावर कोणाला माया येत नाही.” स्टोअररूममध्ये त्याच खोक्यांच्या मधे बसून तिने सगळं रेकॉर्ड केलं. तिकीट तपासायला आल्यासारखा आवाज. मी एक प्रश्न वाढवला: ‘नाही’ म्हटलं तर पुढे ‘का?’ एवढंच. आजवर आम्ही ‘का’ विचारतच नव्हतो. घाईसाहेबांना त्यात वेळ जातो असं वाटायचं. मीही कधी आग्रह धरला नव्हता.

४ मार्च, मंगळवार

दादाला सांगितलं. लपवलं असतं तर मी आणि बाबा एकाच माळेचे मणी.

तो ओरडला नाही, तेच वाईट. “रविवारी गाडी घेऊन जातो. तू बाबांना सांग, मी सांगितलं तर ऐकणार नाहीत.”

“एक आठवडा थांब.”

“कशासाठी? तुझ्या यंत्रासाठी?”

बाबांना फोन लावला. रविवारचं तोंडातून निघालंच नाही. एवढंच सांगितलं की फोनचा आवाज बदललाय, दुसरी बाई विचारेल. मी नसेन.

“का? तुझा काय वाईट होता?”

“तुम्ही त्याच्याशी खोटं बोलता.”

“बरं.” या वेळी ‘बाळा’ नाही.

५ मार्च, बुधवार

फोनवर काही नाही. शंकासुरला विचारायला टेबलापर्यंत गेले आणि परत आले. नियम माझाच. घाईसाहेबांनी रखवालदाराला पुन्हा त्या वाटेवरून काढलं. मी पुन्हा लावला. आज भांडायचीही ताकद नाही.

६ मार्च, गुरुवार

सादरीकरण चालू असताना माझा फोन थरथरला. निरोपगडी. त्याने मला आजवर एकही निरोप दिलेला नव्हता. जसाच्या तसा उतरवते:

“तुमच्या वडिलांनी आज गोळी घेतलेली नाही. का? — ‘गोळी घेतली की गरगरतं. पायरी दिसत नाही, भिंत धरावी लागते.’ मुलीला कळवू का? — ‘हो. पण आधी तिचं जेवण होऊ दे.’”