रेसच्या इंजिनाला एसी

बाबा, तुमची गाडी सध्या माझ्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये उभी आहे आणि तेल गाळते आहे. खाली पुठ्ठा घातला आहे, तो दर आठवड्याला बदलावा लागतो. दुबईत अल बर्शातल्या या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या गाड्या पांढऱ्या नाहीतर करड्या आहेत, आणि बहुतेक बँकेच्या कर्जावरच्या. त्यांच्यात ही लाल, लांबलचक, दोनच दारांची अमेरिकन गाडी. ती एका जागेत मावत नाही, तिचं नाक रस्त्यात येतं. वॉचमन मला लिफ्टपाशी गाठतो. "मॅडम, फिर से ऑइल." मी म्हणते, बघते. काय बघणार? हे तुम्हालाच सांगायला हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं की ते आधी अभिनंदन करतात.

ही गाडी काय चीज आहे ते मला आता कळलं. कारखान्याला जे इंजिन शर्यतीत उतरवायचं होतं ते, नियम असा होता म्हणून, आधी लोकांना विकायच्या गाडीत बसवावं लागलं. म्हणून मोजक्या गाड्यांत ते कसंबसं कोंबलं. इंजिन शर्यतीचं, गाडी रस्त्यावरची, आणि दोघांचं एकमेकांशी कधीच पटलं नाही. त्यातली एक, फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवरचा कुणी अमेरिकन परत जाताना मागे टाकून गेला. तेव्हा ती नुसती जुनी, पेट्रोल पिणारी गाडी होती. कुणाला नको होती. तिथेच पंपांची देखभाल करणाऱ्या तुम्ही ती घेतलीत. आपल्याला तेव्हा फ्रीज हवा होता. आई हे अजून सांगते.

पहिल्यांदा आपण तिघं दुबईला वाणसामान आणायला निघालो तो जुलै होता. रेसच्या इंजिनाच्या गाडीत एसी नसतो. जागाच नसते, आणि शर्यतीत कुणाला गार वाटायचं नसतं. डोंगरांतून जाताना काचा खाली केल्या तर भट्टीचं दार उघडल्यासारखं होई, वर केल्या तर आपणच भट्टीत.  दुबईला उतरल्यावर आईनं पदराचं टोक पिळलं. खरोखर पिळलं, थेंब पडले. मग म्हणाली, "यात मी पुन्हा बसणार नाही. तुम्ही बसा, आणि शेजारी तुमचे ते इंजिनातले घोडे बसवा."

 त्यानंतरचे सगळे शुक्रवार तुम्ही तुमच्या दोस्ताच्या, कॉन्ट्रॅक्टर काकांच्या शेडमध्ये काढलेत. एका मोडीत निघालेल्या पिकअपचा कॉम्प्रेसर आणलात. इंजिन आणि केबिन यांच्यामधला कारखान्याचा पत्रा कापून त्याला मनगटाएवढं भोक पाडलंत. डॅशबोर्डमध्ये वाऱ्याची एकच झडप बसली, आईच्या बाजूला. तिच्यातून गार वारा आला तेव्हा तुम्ही आईला हाक मारलीत आणि स्वतः बाहेर उन्हात उभे राहिलात. पण हे इंजिन फिरायला लागलं की असं फिरतं की कॉम्प्रेसरचा पट्टा उडून पडतो. म्हणून तुमचा नियम: एसी चालू असेल तर ऐंशीच्या वर जायचं नाही. आणि आई गाडीत असेल तर एसी चालू. आणि आई नेहमीच गाडीत असायची.

म्हणजे मी शाळेत असताना आपल्या घरी अशी गाडी होती की जिच्यासाठी लोक आज विमानानं येतात, आणि आपण उजव्या कडेनं ऐंशीनं चाललो आहोत आणि शेळ्या भरलेला पिकअप आपल्याला मागे टाकतो आहे. शेळ्या वळून बघताहेत. पुढे तुमचं दोघांचं चाललेलं. आई झडप तुमच्याकडे वळवते.

"तुम्हाला घाम येतोय."

"येऊ दे. तू नीट बस." तुम्ही झडप परत तिच्याकडे करता.

"चक्कर आली म्हणजे?"

"आली तर तू आहेसच ओरडायला."

ती पुन्हा वळवते. तुम्ही पुन्हा. डोंगरातल्या मसाफीपासून दुबईपर्यंत हेच. मागे मी. मला कुणी विचारत नाही. मागे वारा कधी आलाच नाही, बाबा. एकदा मी म्हणाले की याच्यापेक्षा बैलगाडी बरी. तुम्ही आरशात बघून म्हणालात, "मग उतर आणि त्या पिकअपमध्ये बस. वारा भरपूर आहे. ओळखीपण होतील."

तुम्ही गेल्यापासून गाडी काकांच्या शेडमध्येच होती, ताडपत्रीखाली. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा फोन आला: धंदा बंद करून नाशिकला जातोय, शेड रिकामी करायची आहे. गिऱ्हाइकही त्यांनीच शोधलं. खलिफा सिटीतला एक अरब माणूस, असल्या गाड्या जमवणारा. आईला घेऊन मी फुजैराला गेले. वाटेत आईचं एकच पालुपद. "यल्ला, चल, आजच देऊन टाक. खलास. जन्मभर त्या गाडीनं मला छळलं."

माणूस सज्जन होता. मला सिस्टर म्हणाला, आईला अम्मा. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्याची पर्वा न करता जमिनीवर पालथा झाला, इंजिनावरचा नंबर वाचला, बॉडीवरचा वाचला आणि लहान मुलासारखा हसला. दोन्ही जुळत होते. मग त्यानं बॉनेटखाली टॉर्च मारला आणि कापलेल्या पत्र्यावर धरून ठेवला.

"सिस्टर, ये किसने काटा?"

"मेरे फादर ने."

"क्यों?"

"एसी के लिए."

"एसी," तो म्हणाला. कुणी गेल्याचं कळल्यावर नाव घ्यावं तसं. "इस इंजिन में."

तरी त्यानं आकडा सांगितला. आईनं मनात रुपये केले. तिचे ओठ हलताना मला दिसले. शेडमध्ये खुर्ची नव्हती म्हणून ती गाडीतच बसली होती, दार उघडं टाकून, तिच्या जागेवर. तो माणूस मला समजावत होता: एसी काढून टाकू, त्या काळचा पत्रा मिळवू, बसवू. "इन्शाल्ला ऐसी बनेगी जैसे किसी ने कभी छुआ ही नहीं."

आईनं झडप रिकाम्या ड्रायव्हरच्या सीटकडे वळवली. हाताला सवय असते, तशी. मग मला म्हणाली, "त्याला म्हणावं, एसी राहू दे."

मी सांगितलं. तो आईपाशी जाऊन वाकला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "अम्मा, एसी के साथ ये वो गाड़ी नहीं है."

"तो फिर ये हमारी गाड़ी है," आई म्हणाली.

त्यानं छातीवर हात ठेवला. जाताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "एसी में कितना चलाते थे?" मी म्हणाले, अस्सी. त्यानं डोळे मिटून घेतले.

मला तेव्हाच ओरडायचं होतं. परतीच्या वाटेवर ओरडले. ठेवायची कुठे? चालवणार कोण? आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी कुठे म्हटलं ठेव म्हणून? मी एवढंच म्हटलं, त्याला देऊ नको." आता सांगा, याचं मी काय करू? माझी मुलगी म्हणते, "मम्मा, जस्ट सेल इट." तुम्ही ही गाडी जमवणाऱ्यांच्या कामाची ठेवली नाहीत, शर्यतीच्याही नाही, आणि भाजी आणायलाही ती धड नाही. तुम्हाला पंपांबद्दल सगळं कळत होतं. पत्रा कापताना काय कापतो आहोत हे कळलं नसेल, असं मला वाटत नाही. म्हणून तर जास्त राग येतो. आईला मी विचारलं, बाबांनी एकदा तरी ती पूर्ण जोरात नेली होती का? ती म्हणाली, "मला काय माहीत? मी असायची ना शेजारी."

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून सांगते. मी एसीचा गॅस भरून घेतला आहे. आईला अजून बोललेले नाही. पुठ्ठा बदलायच्या दिवशी सकाळी मी गाडी बिल्डिंगमागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये नेते, इंजिन आणि एसी चालू ठेवते, झडप मध्ये करते, आणि पुढची सीट वाकवून मागे जाऊन बसते. मागे अजूनही वारा येत नाही.