जमावात पुढे उस्तादाची पोर

आबा,

मी बोलते आणि माझी नात, म्हणजे तुमची पणती, लिहिते. मला अक्षर शिकवायला तुम्हाला सवड झाली नाही. खान्देशातल्या पोलीस शिपाई पोरांना लाठी धरायला शिकवण्यात आणि त्यांना शिकवणारे उस्ताद घडवण्यात तुमचा जन्म गेला. पणती त्याच वाटेने निघालीय बरं का. उस्तादाचा कोर्स करून परवा जळगावला आली, नव्या शिपाई पोरींना शिकवणार आहे. आज सकाळी वरण-बट्टी खाता खाता मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "आजी, उद्या दंगलीची तालीम आहे. जमाव म्हणून पोलीस लाइनीतल्या बायका येतील. लाठी अंगापर्यंत येणार हे त्यांना सांगायचं नाही. खरी भीती उतरली पाहिजे. अगं, ही पणजोबांचीच पद्धत, कोर्समध्ये अजून सांगतात!" माझा घास तोंडातच राहिला. म्हटलं, ताट सरकव, कागद घे.

धुळ्याचं ते मैदान आठवतं ना? तालमीला तुम्ही फक्कीची पांढरी रेघ मारायचात. रेघेच्या अलीकडे आम्ही बायका, पलीकडे लाठ्या घेतलेली तुमची पोरं. आम्ही चिंध्यांचे गोळे फेकायचे, शिव्या द्यायच्या, आणि पोरं धावत येऊन रेघेवर थांबायची. शिव्या द्यायला फुकटात मिळतात म्हणून बायका हौसेने यायच्या. पण आधी विचारायच्या मलाच, "माय वं, लागनार नही ना?" मी म्हणायची, "आबांची रेघ आहे, काही होत नाही." मी सगळ्यात पुढे उभी राहायची. उस्तादाची पोर पुढे उभी आहे म्हटल्यावर बाकीच्यांना कसली भीती?

मग मोठा साहेब तालीम बघायला आला तो दिवस. साहेब खुर्चीत बसलेत, तुमच्या मिशीला तेल आहे, आणि मी गोळा फेकून हसतेय, कारण समोरून धावत येणारा पोरगा सोनगीरचा, आदल्याच दिवशी आपल्या ओट्यावर ताक पिऊन गेलेला. तो रेघेवर थांबला नाही. लाठी माझ्या डाव्या कोपरावर बसली तेव्हाही मी हसतच होते आबा, तोंडाला कळायला वेळ लागला. मागे बायका एकमेकींवर पडल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. शाबासकी तुम्हाला मिळाली, ओरडले मी.

रेघेवर थांबायचं नाही, हे पोरांना तुम्ही आधी सांगितलं होतं. मला नाही. हाड बसवून घरी आले तेव्हा विचारलं, तर तुम्ही पट्टा सोडता सोडता म्हणालात, "तुला सांगितलं असतं तर तू खरी घाबरली असतीस का?" एवढंच. जसं काही भाजीत मीठ का जास्त पडलं ते सांगताय. शेजारची काकू नळावर सगळ्यांसमोर बोलली, "तुन्या बापले तुनी हाडं लागनी ते लागनी, आमनी कशाले?" तुमच्यावर रागवायची कोणाची छाती नव्हती, म्हणून सगळ्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या. त्यांना वाटलं, मला माहीत होतं. बाप पोरीला सांगणार नाही असं कसं होईल? पुढे अमळनेरचे पाहुणे मला बघायला आले. हात सरळ होत नाही हे त्यांनी पाहिलं, तर तुम्ही म्हणालात, ओट्यावरून पडली. त्या ओट्यावरून कोंबडीचं पिल्लू पडलं तरी मोडत नाही. मी मान हलवली. तुमचा शब्द राखायची खोड तुम्हीच लावली होती, तुम्हाला स्वतःला मात्र ती लागली नाही.

लिहिणारी मघापासून थांबलीय. माझ्या कोपराकडे बघतेय. "आजी, मलाही तू ओट्यावरूनच पडले म्हणालीस," म्हणते. मग म्हणते, "उद्या काय करू?" मी म्हटलं, "उस्ताद तू आहेस, मी जमावातली. पण तुझ्या भरवशावर सगळ्यांत पुढे कोण उभी राहणार आहे, तिचं तोंड आधी डोळ्यांसमोर आण." ती उठून अंगणात गेली. फोनवर पोलीस लाइनीतल्या एका बाईशी बोलताना ऐकू आली, "मावशी, उद्या लाठी अंगापर्यंत येणार आहे, सगळ्यांना सांगा. यायचं नसेल तर येऊ नका." पलीकडची बराच वेळ काहीतरी बोलत होती. ही नुसती "हो मावशी, हो मावशी" करत होती. आता आली परत. म्हणते, निम्म्या येणार नाहीत, वरचे ओरडतील. ओरडू देत. ओरडण्याने हाड मोडत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमच्यापर्यंत जाणारी एसटी अजून निघालेली नाही, आणि मी निघेन तेव्हा तोंडीच भांडेन. एक मात्र तेव्हा सांगायला जीभ वळणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. हात गळ्यात बांधलेला असताना तुम्ही रोज दुधात भाकरी कुस्करून मला भरवायचात. मी रडायची, तुम्हाला वाटायचं दुखतंय. दुखत नव्हतं आबा. तुमच्या हातचा घास गोड लागायचा, त्याचा राग यायचा.