रा. पा. आणि तांब्याचा शंकू

१४ सप्टेंबर, सकाळी ७
आजपासून नियमित रोजनिशी. एकतीस वर्षं पोरांना इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं, आता निवृत्त. पण शिस्त सुटता कामा नये.

मोठी बातमी: राकियाच्या, म्हणजे आलुबुखारच्या दारूच्या, भट्टीचं तांब्याचं टोपण फाटलं. सासूबाईंच्या लग्नापासूनचं होतं. पाच पिंपं आलुबुखार आंबायला टाकलेत. तीन-चार आठवड्यांत दारू गाळली नाही तर सगळ्याचं व्हिनेगर होणार. आणि २० ऑक्टोबरला दुन्याचं लग्न, पाहुणे दोनशे. एकुलत्या एका लेकीच्या लग्नात घरची राकिया नाही, म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही.

ल्युबिंका म्हणाली, बाजारातून तयार टोपण आणा. मी नुसता हसलो. बायकोला माझी किंमत कधी कळणार?

१७ सप्टेंबर
ड्रॉइंग चालू. भांडं म्हणजे वृत्तचिती. टोपण म्हणजे शंकू. नळी म्हणजे वाकवलेली वृत्तचिती. जग एवढंच आहे, लोक उगाच गुंता करतात.

सासूबाई स्तानोय्का (वय ८४, शाळा चौथी, आकार गोल) यांना समजावून सांगितलं. म्हणाल्या, जावईबापू, टोपण भांड्यावर बसलं आणि वाफ सुटली नाही की झालं. वयाचा मान ठेवून पुन्हा पेन्सिल उचलली.

टोपणाच्या पुढच्या अंगावर अक्षरं कोरायची: रा. पा. म्हणजे रादिसाव पाउनोविच. हे अंग अंगणाकडे, पाहुण्यांना दिसेल असं. नळी मागे, ओढ्याकडे, कारण गार पाण्याचं पिंप तिथे आहे.

१९ सप्टेंबर, दुपारी
ड्रॉइंग पूर्ण. समोरून निव्वळ त्रिकोण, मधोमध रा. पा. समोरच्या चित्रात नळी दाखवलीच नाही, त्रिकोणाची शोभा जाते. ती फक्त बाजूच्या चित्रात, उजव्या हाताला. जाणत्याला तेवढं पुरे.

तांबट तिहोमिरकडे दिलं. हा सव्वीस वर्षं शिकागोच्या कारखान्यात होता, म्हणून गाव त्याला 'अमेरिकन' म्हणतं. कागद बघून म्हणाला, ओके मास्तर, मधे एकदा बघून जा. मी म्हटलं, ड्रॉइंग बोलतं, माणसानं बोलायची गरज नाही. (हे वाक्य लग्नातल्या भाषणात घ्यायचं.)

निश्चय: दुपारच्या आधी जुन्या राकियाला हात लावायचा नाही.

२० सप्टेंबर, सकाळी ११
फक्त वास कसा आहे ते पाहिलं. दोनदा.

२ ऑक्टोबर
टोपण आलं. आरशासारखं लखलखीत. अक्षरं देखणी. आणि नळी बरोब्बर अक्षरांच्या डोक्यावरून पुढे, अंगणात!

तिहोमिरला फैलावर घेतलं. त्यानं शांतपणे कागद पुढे केला. आपल्याकडे डावीकडून दिसणारं चित्र उजव्या हाताला काढतात. अमेरिकेत उजव्या हाताला उजवीकडून दिसणारंच. त्यानं अमेरिकन पद्धतीनं वाचलं, म्हणून मागची नळी पुढे आली. म्हणाला, मास्तर, समोरच्या चित्रात नळी काढली असतीत तर आंधळ्यालाही कळलं असतं. मी म्हटलं, त्रिकोणाचं काय? तो डोकं खाजवत राहिला.

नवं करायला वेळ नाही. ल्युबिंका म्हणाली, हौस फिटली ना? दुन्या रडकुंडीला आली. तिला सांगितलं, बाबा आहे ना.

३ ऑक्टोबर
तोडगा सापडला. नळी पुढे आली, तर पिंपही पुढे आणायचं. ओढ्याचं पाणी चर खणून अंगणात. चौदा मीटर, उतार शेकडा दोन. नकाशा तयार. काम एका दिवसाचं.

टोपण कोणी भट्टीवर चढवायचं नाही अशी ताकीद दिली आहे. आधी चर.

४ ऑक्टोबर
दीड मीटर झाला. पाठ गेली. जमीनच चुकीची आहे.

५ ऑक्टोबर, सकाळी, अंथरुणातून
पाठीला मोहरीचा लेप. पिंपांना आंबूस वास यायला लागला असं ल्युबिंका दारातून ओरडून गेली. दुसरा तोडगा: सगळी भट्टीच फोडून उलट्या तोंडानं बांधायची. नकाशा पडल्या पडल्या काढला. थोडा तिरका आलाय.

६ ऑक्टोबर
सकाळी अंगणात धूर दिसला. काठी टेकत गेलो. सासूबाईंनी भट्टी पेटवली होती! टोपण भांड्यावर चढवलेलं, आणि कडेनं कणकेचा लेप लावत होत्या. नळी ओढ्याकडे, सरळ पिंपात.

मी विचारलं, हे कसं केलंत? म्हणाल्या, फिरवलं.

मी सांगू लागलो की पुढचं अंग हे पुढचं अंग असतं. कणकेचे हात पदराला पुसत म्हणाल्या, अहो जावईबापू, गोल आहे ना ते? मग बसेल तसं बसेल.

मदतीला आलेला तिहोमिर इतका हसला की खाली बसला. दुन्यासुद्धा. पोरगी चार दिवसांनी हसली, म्हणून मी सगळ्यांना माफ केलं. रा. पा. आता ओढ्याकडे. वाचायला फक्त बदकं.

तसा फिरवण्याचा विचार माझ्याही मनात येणारच होता.

२० ऑक्टोबर, संध्याकाळी ५
लग्न झकास. राकिया पहिल्या धारेपासून फक्कड. नवऱ्या मुलाचा मामा मघाशी भट्टीमागे जाऊन आला, आणि तेव्हापासून सगळा मांडव ओरडतोय, रा. पा.! रा. पा.! शेवटी कामाची कदर झाली. डोळे पाणावले. भाषणाला उठतो.

संध्याकाळी ५.२०
उठलो. छातीवर हात ठेवून वाकलो. 'ड्रॉइंग बोलतं' इथपर्यंत आलो, तेवढ्यात ल्युबिंकानं कोट ओढला. मामानं मागे अक्षरं वाचली आणि सगळ्यांना अर्थ सांगितला म्हणे: राकिया पाजा.

सुरई घेऊन फिरतोय. अजून एकशे वीस ग्लास.